लेबल झाकून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर बोलून झाले, नाट्यसंगीतावर बोलून झाले आणि गेल्या महिन्यात मराठ्यांच्या इतिहासावरही एक सुंदर व्याख्यान झाले. अशा मालिकेत माझ्यासारख्या सरकारी नोकराने उभे राहून व्हिस्कीविषयी बोलावे, ही गोष्ट आपल्यापैकी काहींना रुचणार नाही याची मला जाणीव आहे. चिटणीसांना मी हा विषय सुचविला तेव्हा तेही क्षणभर थबकले. "प्रवासवर्णन म्हणून घालू का पत्रिकेत?" असे त्यांनी विचारले. म्हणून पत्रिकेत 'केंटकीचा प्रवास : काही अनुभव' असे छापले आहे. मी पुढे बाटल्यांवरच्या लेबलांविषयीच बोलणार आहे. तेव्हा माझ्या भाषणावर लागलेले हे लेबल पुरतेसे खरे नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

चहापानानंतरचे व्याख्यान ही श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच असते. आजचे लाडू मात्र ताटलीत एकही उरलेला दिसत नाही, त्यामुळे आपण प्रसन्न असाल अशी आशा करतो.

आणखी एक खुलासा. मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी मी येथे उभा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ती आपल्या नात्यागोत्यांतही आहेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली लोकांच्या, विशेषतः तेथील स्त्रियांच्या आग्रहामुळे दारूबंदी आली. त्या स्त्रियांपुढे मी नम्रपणे हात जोडीन. मी बोलणार आहे ते चवीविषयी आणि चवीआधी मनात बसलेल्या समजुतीविषयी. हा विषय मला एका पेल्याने शिकविला, म्हणून त्या पेल्याची गोष्ट सांगणे भाग आहे.

माझा भाचा अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल या शहरी अभियंता आहे. ओहायो नदीच्या काठचे हे शहर. गेल्या वर्षी सौभाग्यवतींसह मी महिनाभर त्याच्याकडे होतो. आपल्याकडे कोल्हापूरला गेलेला मनुष्य जसा गुऱ्हाळ पाहिल्यावाचून परतत नाही, तसा केंटकीला गेलेला मनुष्य बर्बनची भट्टी पाहिल्यावाचून परतत नाही. आम्हीही पाहिली. मका, राय नावाचे धान्य किंवा गहू, आणि मोड आणलेले जव यांचा भरडा पाण्यात शिजवितात. तो आंबवितात. आंबविताना आदल्या घाण्याचे, मद्य काढून उरलेले आंबट पाणी त्यात थोडे घालतात, म्हणजे नव्या घाण्याचा आंबटपणा पहिल्यासारखाच राहतो. हे पाहताच सौभाग्यवती म्हणाल्या, "विरजणासारखेच झाले की हे!" शास्त्रदृष्ट्या ते विरजण नव्हे, परंतु कालच्यातले थोडे आजच्यात घालून चवीची परंपरा टिकवायची, हा भाव तोच. तेथील पाणी चुनखडीच्या खडकांतून झिरपून येते, त्यात लोह नसते, आणि लोह नसणे व्हिस्कीला मानवते. भेडाघाटच्या संगमरवराच्या शेजारी आयुष्य काढलेल्या मला हे ऐकून उगाच आपुलकी वाटली, कारण संगमरवर म्हणजे चुनखडीचेच रूपांतर.

मी कार्यालयात नियम वाचण्यात आयुष्य घालविलेला माणूस. त्यामुळे भट्टीपेक्षाही तिच्यामागच्या नियमांत मला गोडी वाटली. बर्बन म्हणविण्यासाठी धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनात मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही, कारण त्याहून शुद्ध केले की धान्याची चव उडून जाते. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून अधिक नको, आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. पिंप ओकच्या लाकडाचे, आतून जाळून कोळसा केलेले, आणि कोरे असले पाहिजे. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. मग या पिंपांचे काय होते? त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंडला जातात आणि स्कॉच त्यांत मुरत पडते. आपल्याकडे ज्या स्कॉचचे नाव आदराने घेतात, ती बहुधा बर्बनच्या सोडलेल्या पिंपातच लहानाची मोठी झालेली असते. अमेरिकनांना मात्र आपल्या वस्तूचा संकोच नाही. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून बर्बन ही आपल्या देशाची वैशिष्ट्यपूर्ण निर्मिती असल्याचे जाहीर केले.

आता 'ब्लेंड' या शब्दाकडे येतो, कारण साऱ्या घोळाचे मूळ तेथे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील काही व्यापारी खऱ्या व्हिस्कीत स्वस्त मद्यार्क, रंग, फळांचे रस, क्वचित तंबाखूचा अर्कदेखील मिसळून तिला जुनी व्हिस्की म्हणून विकत. लोकांची फसवणूक होई, प्रामाणिक भट्टीवाल्यांचे नुकसान होई. म्हणून १८९७ साली कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि पन्नास टक्के मद्यार्क असलेली व्हिस्की असेल, तर तिच्या बाटलीवर सरकारी मोहोर लागू लागली. १९०६ साली अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला, आणि मग प्रश्न उभा राहिला की, व्हिस्की म्हणजे नेमके काय? हा वाद इतका चिघळला की १९०९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांना स्वतः त्यावर निर्णय द्यावा लागला. हे गृहस्थ मूळचे न्यायाधीश. पुढे १९२१ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीशही झाले. त्यांनी सांगितले की, मिश्रण करणे हा गुन्हा नाही. पण मिश्रण असेल तर लेबलावर तसे लिहा आणि गिऱ्हाइकाला ठरवू द्या.

ही परंपरा आजही चालू आहे. 'ब्लेंडेड बर्बन' म्हणजे ज्यात किमान ५१ टक्के अस्सल बर्बन असून उरलेला भाग दुसरी व्हिस्की किंवा साधा, चवहीन मद्यार्क असू शकतो अशी वस्तू. पण निरनिराळ्या अस्सल बर्बनांचे आपसांत मिश्रण केले, तर तीही एका अर्थाने ब्लेंडच. मात्र त्यात पाणीदार भर नसते. 'फोर रोझेस' या नावाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. एकेकाळी ही अमेरिकेतील अतिशय खपाची अस्सल बर्बन होती. पुढे मालक कंपनीने अस्सल माल युरोप-जपानला पाठवायला सुरुवात केली आणि खुद्द अमेरिकेत त्याच नावाने स्वस्त मिश्र व्हिस्की विकली. नाव तेच, आत वस्तू निराळी! मायदेशी त्या नावाची पत पार गेली. २००२ साली एका जपानी कंपनीने तो कारखाना घेतला, मिश्र व्हिस्की बंद केली आणि अस्सल बर्बन पुन्हा घरी आणली. आज तेथे दोन प्रकारची धान्यमिश्रणे आणि पाच प्रकारची किण्वे यांच्या जोडण्यांतून दहा निरनिराळ्या बर्बन काढतात आणि त्यांचे मेळ घालून बाटल्या भरतात. तेव्हा मिश्रण म्हणजे हीण, हा समज चुकीचा आहे. आपला गोडा मसाला काय आणि पंचामृत काय, मिश्रणेच आहेत.

आता त्या संध्याकाळीची गोष्ट. शनिवार होता. भाच्याने जेवणाच्या टेबलावर चार पेले मांडले. पेले ट्यूलिपच्या फुलासारखे, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास आत साठतो. बाटल्यांना त्याने कागदी पिशव्या चढविल्या होत्या आणि वर फक्त १, २, ३, ४ असे आकडे घातले होते. "मामा, लेबल बघायचे नाही. आधी रंग बघा, मग वास घ्या. वास घेताना तोंड किंचित उघडे ठेवा, म्हणजे मद्यार्क नाकाला झोंबत नाही. मग चमचाभर जिभेवर घोळवा. नंतर चार थेंब पाणी घालून पुन्हा. मधूनमधून साधे बिस्किट आणि पाणी." त्याने एक वही माझ्यापुढे सरकविली. दुसरी वही त्याने मामीपुढे ठेवली. त्या मद्य घेत नाहीत. "मामी, तुम्ही फक्त वास घेऊन सांगा," तो म्हणाला.

मी घरात व्हिस्कीचा जाणकार समजला जाणारा मनुष्य. कार्यालयातील निरोपसमारंभांत आणि विश्रामगृहांच्या संध्याकाळींत मिळविलेली ही कीर्ती. मी चष्मा सारखा केला आणि गंभीरपणे कामाला लागलो. पहिल्या पेल्यास सौम्य, गोड, असे लिहिले. दुसरा मला उग्र वाटला. तिसऱ्यात काहीतरी अत्तरासारखे लागले, ते व्हिस्कीला शोभत नाही असा शेरा मारला. चौथा पेला हलका, स्वच्छ, घशाखाली सहज उतरणारा. मी लिहिले : 'हीच खरी व्हिस्की. प्रथम क्रमांक.'

सौभाग्यवतींनी वासावरून आपल्या शब्दांत जे लिहिले ते असे. पहिला : 'ताजा पाव आणि त्यावर गूळ.' दुसरा : 'दालचिनी, मिरी, आणि सुके खोबरे भाजल्यासारखे.' तिसरा : 'पिकलेली फळे, थोडा गुलाब.' चौथा : 'वासच कमी. नुसते झोंबते. आमटी पुरेना म्हणून पाणी वाढविल्यासारखे.' हा चौथा पेला त्यांनी शेवटच्या क्रमांकावर ठेवला होता.

पिशव्या उतरविल्या. पहिली 'मेकर्स मार्क', जिच्यात रायऐवजी गहू असतो. असे सांगतात की, हिच्या मालकाने भट्टी लावण्याआधी निरनिराळ्या धान्यांचे पाव भाजून चव पाहिली आणि मग गहू निवडला. आणि बाटलीच्या तोंडावरचे लाल मेण ही त्याच्या पत्नीची, मार्जी सॅम्युअल्स यांची, स्वयंपाकघरात सुचलेली कल्पना. दुसरी, राय अधिक असलेली बर्बन. तिसरी 'फोर रोझेस', दहापैकी चार बर्बनांचा मेळ घातलेली. आणि चौथी, जिला मी 'खरी व्हिस्की' म्हटले होते, ती ब्लेंडेड. चौघींत सर्वांत स्वस्त. तिच्या लेबलावर बारीक अक्षरांत, पण स्पष्टपणे, आत साधा मद्यार्क असल्याचे छापलेले होते.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. भारतातून येणारे बहुतेक पाहुणे हीच निवडतात," भाचा म्हणाला. त्याने कारण सांगितले तेव्हा माझा चेहरा पडला. ओकच्या लाकडातूनच व्हिस्कीला व्हॅनिलाचा, खोबऱ्याचा, जळक्या साखरेचा वास मिळतो. सौभाग्यवतींच्या नाकाने ते सारे ओळखले, कारण त्या नाकाला रोज स्वयंपाकघरात खऱ्या वासांची सवय आहे. माझी जीभ मात्र तीस वर्षे दुसऱ्याच गोष्टीला सरावली होती. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी खपते तिच्यातील पुष्कळशी साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या चवहीन मद्यार्कात थोडी माल्ट व्हिस्की मिसळून होते. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या नियमांप्रमाणे मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणताच येत नाही. चौथ्या पेल्यात मला आवडला तो तोच ओळखीचा चवहीनपणा. माझ्या सवयीलाच मी पहिला क्रमांक दिला होता.

येथे न्याय म्हणून सांगितले पाहिजे की, आपल्या देशात उत्तम धान्याची व्हिस्कीही होते. २००४ साली बंगळूरच्या 'अमृत'ने आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो येथे विक्रीस नेली. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास व्हिस्की उडून जाते, तर बंगळूरच्या हवेत दहा टक्के किंवा अधिक. त्यामुळे आपल्याकडे ती लवकर मुरते आणि लवकर संपतेही. कसब आपल्यापाशी आहे, याविषयी शंका नको.

शंका आहे ती आपल्या लेबलांविषयी. आमच्या सरकारी भाषेत एक शब्दप्रयोग आहे, 'भारतात बनविलेले विदेशी मद्य'. मी हे शब्द असंख्य कागदांवर वाचले आणि कधी थांबून हसलो नाही. ऊस आपला, मळी आपली, कामगार आपले, आणि मद्य मात्र विदेशी! त्याच कागदाच्या दुसऱ्या रकान्यात 'देशी'. या शब्दाला आपल्या तोंडी कसला वास येतो, हे मी सांगायला नको.

आता, बंधुभगिनींनो, मी केंटकीहून एकदम दिंडोरीला येतो. त्या चौथ्या पेल्याने मला तेथे नेऊन सोडले. त्या रात्री लुईव्हिलला मला झोप लागली नाही, आणि जे आठवत राहिले ते १९९६ सालचे आहे.

दिंडोरी तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता. मंडला जिल्ह्यातच होता. मी नोकरीत नवा होतो आणि दौऱ्यावर होतो. चैत्राचे दिवस. मोह फुलला होता. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मोहाची फुले पहाटे झडतात. जाड, रसरशीत, फिकट पिवळी. झाडाखालची जमीन आधीच झाडून स्वच्छ केलेली असते आणि उजाडण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन वेचायला बसतात. फुले उन्हात वाळविली की मनुकांसारखी तांबूस होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. दुष्काळात या फुलांनी माणसे जगविली आहेत. बियांचे, म्हणजे गुल्लीचे, तेल निघते. गोंड-बैगांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू, देवकार्य, काहीही मोहावाचून होत नाही. फुले आंबवून मातीच्या भांड्यांत त्यांचा अर्क काढतात. तो आधी देवाला, मग पूर्वजांना, मग पाहुण्याला.

इंग्रजांच्या राज्यात हे सारे महसुलाच्या आड आले. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी निराळा कायदा झाला. फुले वेचून घरात साठविणे हाच गुन्हा ठरू लागला. आपल्या मध्य प्रांतातही १९१५ चा अबकारी कायदा आला. सरकारी भट्टीचा अर्क विकला जावा, म्हणून घरची भट्टी चोरटी ठरली. आज मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती, ठराविक मर्यादेत, ती काढण्याची मोकळीक आहे. पण शंभर वर्षांत जो कलंक लागला तो मोकळीक मिळून पुसला जात नाही.

तर त्या दौऱ्यात काम संपल्यावर एका गोंड वृद्धाने मला आपल्या अंगणात बसविले. खाटेवर घोंगडी अंथरली. घरातून पानाच्या द्रोणात मोहाचा अर्क आणला, त्यातले चार थेंब जमिनीवर सोडले, मग दोन्ही हातांनी द्रोण माझ्यापुढे धरला. "साहब, थोडीसी ले लो. घर की है." मी मद्य घेत नसतो तर गोष्ट निराळी होती, नम्रपणे तसे सांगितले असते आणि त्यानेही ते मानले असते. पण मी म्हणालो, "हम लोग ये सब नहीं लेते." 'ये सब' म्हणताना माझा स्वर कसा होता, ते मला आजही ऐकू येते. वृद्ध काही बोलला नाही. त्याने तो द्रोण तसाच आत नेला. आणि त्याच संध्याकाळी विश्रामगृहात मी सहकाऱ्यांबरोबर 'विदेशी' घेत बसलो होतो. मळीच्या मद्यार्काला रंग लावून काचेच्या बाटलीत भरलेली ती वस्तू मला सभ्य वाटली, आणि वनातल्या फुलाचा अर्क अशिष्ट. दोहोंतल्या एकाचीही चव मी घेतली नव्हती. मी फक्त लेबले वाचली होती. आणि द्रोणावर तर लेबलही नव्हते.

अमेरिकेहून परतल्यावर यंदाच्या चैत्रात मी त्या गावी गेलो. तो वृद्ध केव्हाच वारला होता. त्याचा मुलगा आता पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. त्याला मी ओळखीचा नव्हतो आणि मीही जुनी हकीकत सांगितली नाही. सांगून माझेच मन हलके झाले असते, त्याला काय मिळणार होते? त्याने वडिलांप्रमाणेच चार थेंब जमिनीला दिले आणि द्रोण पुढे धरला. मी घेतला. भाच्याने शिकविल्याप्रमाणे आधी रंग पाहिला : पाण्यासारखा स्वच्छ, कारण पिंपात मुरविलेले नाही. मग वास घेतला : फुलाचा, आणि त्यामागे चुलीच्या धुराचा. मग जिभेवर घोळविले : मनुका, थोडी काकवी, शेवटी किंचित कडवट. बर्बनची चव पुष्कळशी लाकडाची असते. येथे फुलाला मदत करायला लाकूड नाही. जे आहे ते उघडे आहे. त्यामुळे फुले नीट वाळली नसतील तर तो कुबटपणाही चवीत स्पष्ट उतरतो, हेही सांगितले पाहिजे. पण तो अर्क उत्तम होता. लुईव्हिलच्या टेबलावर पाचवा पेला म्हणून तो ठेवला असता, तर सौभाग्यवतींनी त्याला चौथ्याच्या पुष्कळ वर जागा दिली असती, याविषयी मला संशय नाही.

काही चांगले घडते आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि ज्या फेणीचे नाव लोक हळू आवाजात घेत तिची ओळख आता अभिमानाने सांगितली जाते. २०२१ साली मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या अर्कास वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले, आणि पुढे अलीराजपूर व दिंडोरी येथे आदिवासींच्या बचत गटांनी तो अधिकृतपणे काढण्यास आरंभ केला. फायदा शेवटी कोणाच्या हाती राहतो ते पाहावे लागेल. लेबल देखणे झाले आणि वेचणारीची टोपली रिकामीच राहिली, तर टाफ्टसाहेबांच्या निकालाचा आपण काही बोध घेतला असे होणार नाही.

आता शेवटचे, आणि ते आपल्या मंडळाविषयी.

केंटकीत ५१ टक्क्यांचा तो नियम वाचताना मला आपली आठवण झाली होती. आपण जबलपूरचे मराठी लोक म्हणजे ब्लेंडच आहोत. आपली मुले 'मी जाऊन राहिलो' म्हणतात, आपल्या पोळीशेजारी बुंदेलखंडी बऱ्याची वाटी असते, आपल्या गणपतीच्या आरतीनंतर शेजारचे मिश्राजी प्रसादाला असतात. पुण्याचे पाहुणे आपले मराठी ऐकून हसतात, तेव्हा आपण ओशाळतो. ओशाळण्याचे कारण नाही. मिश्रणात दोष नाही. आत काय आहे ते मोकळेपणी लिहिले की झाले. माझ्या मते आपण एक्कावन्न टक्के तर नक्कीच भरू, आणि उरलेले एकोणपन्नास टक्के चवहीन मद्यार्क नव्हे. ते या भूमीचे देणे आहे.

पण त्या एकोणपन्नास टक्क्यांत एक उणीव आहे. ही भूमी गोंडांची. गढा-मंडल्याचे राज्य त्यांचे. राणी दुर्गावतीने १५६४ साली त्यासाठी प्राण दिला. १७८१ मध्ये ते राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्याच वाटेने येथे आले. इतर पुढे रेल्वे आणि गन कॅरिज फॅक्टरीच्या नोकऱ्यांनी आले. स्मरणिकेच्या कामासाठी मी मंडळाचे पन्नास वर्षांचे अहवाल चाळले. मुंबई-पुण्याहून किती पाहुणे आले त्याची यादी लांबलचक आहे. शेजारच्या मंडला-दिंडोरीचा एकही गोंड कलावंत, शिक्षक किंवा शेतकरी पाहुणा म्हणून आपल्या व्यासपीठावर बसल्याची नोंद मला आढळली नाही. आपण कोणाला हाकलले नाही. आपण फक्त बोलाविले नाही. 'हम लोग ये सब नहीं लेते' हे वाक्य न उच्चारताही म्हणता येते. या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक तरी कार्यक्रम त्यांच्याबरोबर व्हावा, त्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

आणि जाता जाता एक कबुली. चहाबरोबर जे लाडू आपण घेतलेत, त्यांविषयी तीन भगिनींनी आमच्या सौभाग्यवतींना विचारले की, खजूर कोठून आणला? एका ज्येष्ठ सभासदांनी दोन घेतले, तिसरा खिशात घातला, हेही मी पाहिले. त्यांत खजूर नाही, गूळही नाही. दिंडोरीहून आणलेली मोहाची वाळलेली फुले निवडून, तुपावर परतून, भाजलेले तीळ, दाणे आणि सुके खोबरे यांबरोबर कुटून ते वळलेले आहेत. आंबविलेले काही नाही, तेव्हा कोणाचे व्रत मोडले असेल अशी भीती बाळगू नये. नाव आधी सांगितले असते, तर ताटल्या इतक्या रिकाम्या झाल्या असत्या की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. लेबल उशिरा सांगितल्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. कृती हवी असल्यास सौभाग्यवती दाराशी उभ्या आहेत.